शेरा न लिहिता: जत तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्हा म्हटलं की बाहेरच्या माणसाला कृष्णाकाठ, ऊस, हळद आणि द्राक्षं आठवतात. जत तालुका त्याच जिल्ह्यात असला तरी त्याच्या पूर्व भागातलं चित्र वेगळं आहे. पाऊस कमी, वस्त्या लांब लांब, आणि दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी कोयता घेऊन बाहेर पडणारी कुटुंबं. कर्नाटकची हद्द जवळ असल्याने अनेक घरांत कन्नडच बोलली जाते. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तरीही बरेच पालक मुलाला मराठी शाळेत घालतात, कारण पुढचं शिक्षण, नोकरी, कचेरीतले कागद सगळं मराठीत आहे. हा त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो आणि त्याचा मान ठेवूनच पुढचं काही करावं लागतं.

मी या भागातल्या एका केंद्राचा केंद्रप्रमुख आहे, म्हणजे जवळजवळच्या काही प्राथमिक शाळांच्या गटावर देखरेख ठेवणारा अधिकारी. हे प्रकरण माझ्या केंद्रातल्या एका वस्तीवरच्या पहिली ते चौथीच्या शाळेचं, शैक्षणिक वर्ष २०२४-२५ मधलं आहे. शाळा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

शाळेत दोन खोल्या आणि पटावर चाळीसच्या आत मुलं. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, तेवढे होते. एक गुरुजी, वय पंचावन्नच्या पुढे, याच तालुक्यातले. सेवाज्येष्ठ म्हणून मुख्याध्यापकाचा कार्यभार त्यांच्याकडे. दुसऱ्या मॅडम, २०२४ च्या पवित्र पोर्टलच्या (राज्याच्या ऑनलाइन शिक्षकभरतीच्या) भरतीतून आलेल्या शिक्षणसेविका, म्हणजे कायम होण्याआधी मानधनावर काम करणाऱ्या शिक्षिका, मूळच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या. त्यांना कन्नडचं अक्षरही येत नव्हतं. बहुतेक दोनशिक्षकी शाळांत असते तशीच वर्गवाटणी होती: तिसरी-चौथी ज्येष्ठ शिक्षकाकडे, पहिली-दुसरी नव्याकडे.

अडचण

तालुक्याच्या बैठकीत ही शाळा 'मागे पडलेल्या' यादीत होती. तिसरीच्या मुलांची मराठीची पायाभूत चाचणी फार कमकुवत गेली होती. यादीपुढच्या रकान्यात कारण म्हणून 'शिक्षक उदासीन' असं लिहिलेलं होतं. ते कोणी आणि कशावरून लिहिलं हे कळायला मार्ग नव्हता. पण पुढच्या प्रत्येक बैठकीत चर्चा त्या दोन शब्दांपासूनच सुरू व्हायची.

शाळेत जाऊन बसल्यावर पहिल्या दिवशीच दिसलं की कागदावर दोनशिक्षकी असलेली शाळा प्रत्यक्षात एकशिक्षकी चालली होती. मॅडमच्या खोलीत चारही वर्ग बसले होते. गुरुजी शेजारच्या खोलीत मोबाइल घेऊन. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस (शाळेची सगळी माहिती भरायची सरकारी ऑनलाइन नोंद), विद्यार्थ्यांचे आधार, त्यात जुळत नसलेली नावं, आणि जोडीला बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. टेबलावर चव रजिस्टर (आहार वाढण्याआधी चाखल्याची नोंद), साठा रजिस्टर, हजेऱ्या. कुठल्याही रजिस्टरमध्ये एक दिवसाची नोंद राहिलेली नव्हती. उदासीन माणसाचं टेबल असं नसतं. कामाचा सगळा जीव कागदांत गेला होता आणि वर्गासाठी काही उरत नव्हतं.

दुसरी गोष्ट कळायला जरा वेळ लागला. तिसरीतली एक मुलगी पाठ्यपुस्तकातला उतारा वाचत होती. अडखळत नव्हती, जोडाक्षरंही नीट म्हणत होती. वाचून झाल्यावर मी विचारलं, "गोष्टीत कोण कोण आहे गं?" ती पुस्तकाकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं, तरी गप्प. तेवढ्यात कुठल्याशा सहीसाठी आत आलेल्या गुरुजींनी दारातूनच तोच प्रश्न कन्नडमध्ये टाकला. तिने लगेच दोन नावं सांगितली. मग गुरुजींनी त्या दोघांनी काय केलं ते विचारलं, तेव्हा ती पुन्हा थांबली.

म्हणजे अडचणी दोन होत्या आणि त्या एकमेकींत मिसळून बसल्या होत्या. मुलीला माझा प्रश्न कळला नव्हता, आणि उताऱ्यातली नावं कळली तरी घडलेलं कळलं नव्हतं. चाचणीच्या कागदावर दोन्हींचा निकाल एकच, शून्य. मॅडमच्या पाठाच्या टाचणात मात्र 'वाचन चांगले, आकलन कमी, अधिक सराव' असं होतं. त्यांनी त्याप्रमाणे सराव वाढवलाही होता. तेच उतारे पुन्हा पुन्हा वाचून घेतले जात होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, शाळेतल्या ज्या माणसाकडे मुलांची भाषा होती तो वर्गाबाहेर बसलेला होता, आणि जिच्याकडे भाषा नव्हती तिच्या समोर पहिलीची मुलं होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय तयारच होता: कारणे दाखवा नोटीस. वरून तशी सूचनाही होती. नोटिशीने गुरुजी खोलीत येऊन बसले असते यात शंका नाही. पण बसून त्यांनी काय करायचं होतं, हे नोटीस सांगत नाही. शिवाय पोर्टलची नोंद राहिली की दुसरी नोटीस निघणार होतीच.

दुसरा पर्याय प्रशिक्षणाला पाठवण्याचा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे, आणि ती अपेक्षा योग्यच आहे. पण दोघांच्याही फायलीत प्रमाणपत्रं होती. गुरुजींनी पायाभूत साक्षरतेवरचे 'निष्ठा' या केंद्र सरकारच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे ऑनलाइन घटक पूर्ण केले होते. मॅडम नुकत्याच शिक्षकभरतीच्या अभियोग्यता चाचणीतून चांगल्या गुणांनी निवडून आल्या होत्या. माहिती दोघांकडेही होती. त्या विशिष्ट खोलीत, त्या विशिष्ट मुलांसमोर ती वापरायची कशी, हे सांगणारं शेजारी कोणी नव्हतं. आणि दोनशिक्षकी शाळेतून एकाला प्रशिक्षणाला बोलावलं की तेवढे दिवस चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात.

तिसरा पर्याय, दुसऱ्या शाळेतला एखादा नावाजलेला शिक्षक काही महिने इथे आणण्याचा. मला हा मनापासून पटला नाही. जिथून तो उचलायचा ती शाळा उघडी पडते, तो परत गेला की इथलं काम पूर्वपदावर येतं, आणि इथल्या दोघांना 'तुमच्याने होत नाही' हा निरोप मात्र कायमचा मिळतो.

चौथा पर्याय वर्गात बसून दोघांबरोबर काम करण्याचा. त्याला वेळ लागतो आणि बैठकीत दाखवायला हातात काही नसतं. केंद्रप्रमुखांची कितीतरी पदं रिक्त असल्याने एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा भार असतो, त्यात एका शाळेला एवढा वेळ देणं हा बाकीच्या शाळांवर अन्याय आहे, हा आक्षेपही खरा होता. तरी हाच घेतला. अट एकच ठेवली की इथे जे जमेल ते केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सगळ्या शाळांपुढे मांडायचं.

पहिला निर्णय: शेरेबुक

केंद्रप्रमुख शाळेत गेला की मुख्याध्यापक शेरेबुक पुढे करतात. काय पाहिलं, काय कमी आढळलं, काय सुधारावं ते त्यात लिहायचं असतं. पुढचा अधिकारी येतो तो आधीचे शेरे वाचतो आणि 'पूर्तता केली का' असं विचारतो. या वहीच्या धाकाने शिक्षक माझ्यासमोर वर्ग चालवत नाही, वर्ग दाखवतो. ठरलेला पाठ, ठरलेली मुलं, ठरलेली उत्तरं.

मी तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटून सांगितलं की दिवाळीपर्यंत या शाळेच्या शेरेबुकात मी फक्त तारीख, वेळ आणि 'वर्गात उपस्थित' एवढंच लिहीन. उणिवा लिहिणार नाही, कौतुकही लिहिणार नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला तो रास्त होता: "उद्या कोणी विचारलं की केंद्रप्रमुखाने काय केलं, तर दाखवायचं काय?" त्यासाठी मुलांच्या वाचनाची वेगळी नोंद ठेवायचं ठरलं. शिक्षकाची नव्हे, मुलांची. त्यांनी दिवाळीपर्यंत मुभा दिली.

हे गुरुजींना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. पहिले काही दिवस ते निघताना वही उघडून बघायचे. त्यानंतर एकदा त्यांनी स्वतःहून सांगितलं, "साहेब, चौथीचा भागाकार मी दोन महिन्यांत घेतलेलाच नाही." असं वाक्य शेरेबुक उघडं असताना कोणी बोलत नाही.

दुसरा निर्णय: वर्गांची अदलाबदल

मी सुचवलं की पहिली-दुसरी गुरुजींनी घ्यावी आणि तिसरी-चौथी मॅडमनी. गुरुजी नाराज झाले. "पहिली शिकवून किती वर्षं झाली, साहेब. आता गाणी म्हणायचं वय राहिलं का माझं?" त्यांच्या नाराजीत वयापेक्षा मानाचा प्रश्न जास्त होता. पहिलीचा वर्ग नव्याला द्यायचा ही रीत इतकी मुरली आहे की ज्येष्ठाला तो मिळणं म्हणजे उतरवणं वाटतं. खरं तर शाळेतलं सगळ्यात अवघड काम पहिलीत असतं. कधीही मराठी न ऐकलेल्या मुलाला शाळेची भाषा आपली वाटायला लावणं, हे ज्याला मुलाची भाषा येते त्याचंच काम आहे. ते मी त्यांना त्याच शब्दांत सांगितलं.

त्यांनी होकार दिला तो मात्र या बोलण्यावर नाही. "वर्गात बसलो तर हे कोण करणार?" म्हणून त्यांनी मोबाइल दाखवला. तो प्रश्न सुटल्याशिवाय पुढे जाणं शक्यच नव्हतं.

सोपी वाट म्हणजे ते काम मॅडमकडे सरकवायचं. तरुण आहेत, मोबाइल सराईत आहे, आणि शिक्षणसेविका असल्याने नाही म्हणणार नाहीत. कितीतरी शाळांत हेच होतं. मी त्याला ठाम विरोध केला, कारण त्यातून एका शिक्षकाची सुटका होऊन दुसरा वर्गाबाहेर गेला असता. त्याऐवजी केंद्रशाळेत आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवली. जवळच्या चार-पाच शाळांचे मुख्याध्यापक तिथे येतात, संगणकात वाकबगार असलेले एक शिक्षक सोबत बसतात आणि राहिलेल्या नोंदी एकत्र पूर्ण होतात. पोषण आहाराची रोजची नोंद तेवढी शाळेत, जेवणाच्या सुट्टीत. अपार आयडीसाठी (विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी) पालकांच्या संमतीचं काम आलं तेव्हा घरोघर न फिरता ते बाजाराच्या दिवशी उरकलं, त्या दिवशी वस्तीवरची माणसं कामाला जात नाहीत. बीएलओचं काम काढून घेणं माझ्या हातात नव्हतं. निवडणुकीचं काम शिक्षण हक्क कायद्यानेच शिक्षकाला करावं लागतं.

अदलाबदल गणपतीनंतर झाली.

तिसरा निर्णय: वर्गात कन्नड

हा सगळ्यात नाजूक भाग होता. २०२२ च्या अखेरीस जतमधल्या ४० गावांवर कर्नाटकने दावा सांगितल्यावर इथे किती गरमागरमी झाली होती ते सगळ्यांना आठवत होतं. मराठी शाळेत गुरुजी कन्नड बोलतात, एवढं वाक्य बाहेर गेलं असतं तरी वेगळाच अर्थ निघाला असता. गुरुजी वर्गात कन्नड टाळत होते तेही याच भीतीने. मैदानात, पालकांशी, स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी कन्नड, आणि वर्गात पाऊल टाकलं की फक्त मराठी.

शिक्षण हक्क कायद्यातच शक्य तिथे मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे, हे मी त्यांना दाखवलं. तरी कायद्यापेक्षा पालकांचा होकार महत्त्वाचा होता. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका आईने थेट विचारलं, "कन्नडच शिकवायचं होतं तर कन्नड शाळा काय लांब होती?" गुरुजींनी उत्तर दिलं ते मला देता आलं नसतं. ते त्यांच्याच बोलीत म्हणाले की पोर आधी घरच्या भाषेत गोष्ट ऐकेल, मग तीच गोष्ट मराठीत ऐकेल आणि मराठीतच वाचेल. लिहिणं-वाचणं सगळं मराठीच. बाई म्हणाल्या, "मग चालेल. पण दिवाळीला मी वाचून घेणार."

पद्धत मुद्दाम साधी ठेवली. आधी गोष्ट किंवा चित्र कन्नडमध्ये, भरपूर बोलणं. मग तेच मराठीत, हावभाव आणि वस्तू दाखवून. मग मुलांकडून छोटी छोटी मराठी वाक्यं. त्यातलीच दोन-तीन फळ्यावर लिहून वाचन. एका वाक्यात दोन्ही भाषांची खिचडी टाळायची, म्हणजे मूल मराठी वाक्य अखंड ऐकतं.

मॅडमसोबतचं काम

गुरुजींना बळ हवं होतं, मॅडमना डोळे. मी त्यांचा पाठ पाहून सूचना देण्याऐवजी आम्ही उलट केलं: मी तिसरी-चौथीला पाठ घेतला आणि मॅडम मागे बसून एकच नोंद करत होत्या, कोणतं मूल किती वेळा बोललं. कागदावर मुलांची नावं आणि पुढे काड्या. पाठ संपल्यावर त्यांनी कागद दाखवला. पुढच्या ओळीतल्या चौघांच्या नावापुढे काड्याच काड्या आणि खिडकीकडच्या ओळीत एकही नाही. मग त्यांच्या पाठाला मी तीच नोंद केली. आकडे जवळपास सारखेच निघाले, त्यामुळे बोलणं 'तुमचं चुकलं' असं न होता 'ही खिडकीकडची ओळ बोलती कशी करायची' असं झालं.

त्यांनी स्वतःच काढलेला उपाय चांगला होता. वाचल्यानंतर प्रश्न विचारण्याआधी मुलांनी शेजाऱ्याला गोष्ट सांगायची, कुठल्याही भाषेत. मग एकाने उठून मराठीत. खिडकीकडच्या ओळीतली मुलं शेजाऱ्याशी बोलायला लागली, आणि काही आठवड्यांनी वर्गाशीही. मॅडमनी एक वही केली. मुलं वापरतात ते कन्नड शब्द गुरुजींकडून समजून घेऊन त्या देवनागरीत उतरवत. मधल्या सुट्टीत दोघं त्या वहीवर बसलेले दिसायचे. याआधी त्यांचं बोलणं रजिस्टरपुरतं होतं.

मध्ये पडलेला खंड

ऑक्टोबरपर्यंत घडी बसली आणि मग सगळं एकदम आलं. दिवाळीची सुट्टी, विधानसभेची निवडणूक, त्याची प्रशिक्षणं, २० नोव्हेंबरचं मतदान. गुरुजी बीएलओ म्हणून आधीपासूनच अडकलेले. तोवर कोयत्याची कुटुंबं निघाली. मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली असते, त्यामुळे त्या टप्प्यावर पालकांना अडवणं व्यर्थ असतं. हंगामी वसतिगृहामुळे, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलांची गावातच सोय करणाऱ्या योजनेमुळे, काही मुलं आजी-आजोबांकडे राहिली, काही आईबापांबरोबर गेली. गेलेल्यांत पहिलीच्या, नुकत्याच बोलायला लागलेल्या मुली होत्या.

डिसेंबरात पुन्हा बसलो तेव्हा मुलांच्या वाचनाच्या नोंदी मागे गेलेल्या होत्या. दिवाळीपर्यंतची मुभाही संपली होती. शेरेबुक पुन्हा सुरू करा असा निरोप आला. मी मुलांच्या नोंदी घेऊन गेलो: कोण अक्षरावर होतं, कोण शब्दावर आलं, कोण वाचून सांगू लागलं, आणि नोव्हेंबरात कोण मागे गेलं. मागे गेलेलं लपवलं नाही म्हणूनच बहुधा मुदत वर्षअखेरपर्यंत मिळाली.

जानेवारीच्या शिक्षण परिषदेत मॅडमनी काड्यांचा कागद आणि शब्दांची वही मांडली. आणखी दोन शाळांनी तिथल्या तिथे सांगितलं की त्यांची पहिलीही गप्प असते.

परिणाम

मार्चअखेर शाळेत राहिलेली दुसरीची बहुतेक मुलं सोपी गोष्ट वाचून स्वतःच्या मराठीत सांगत होती. तिसरीतली ती मुलगी प्रश्न विचारायच्या आधीच सांगायला लागते. चौथीतली तीन मुलं अजूनही शब्दावर आहेत. त्यांना वर्ष पुरलं नाही. गणिताला आम्ही हात घातलाच नव्हता आणि ते निकालात स्पष्ट दिसतं. स्थलांतरातून परतलेल्या मुलांची सुरुवात जवळपास पहिल्यापासून करावी लागली.

गुरुजींनी पुढच्या वर्षीही पहिलीच मागितली. मॅडमना अजून गावाकडची ओढ आहे, आणि ते स्वाभाविक आहे. तालुक्याच्या यादीत शाळेपुढचे ते दोन शब्द आता नाहीत.

पुन्हा अशी शाळा समोर आली तर

वर्गवाटणी जूनमध्येच बघायला हवी. कोणाला काय येतं यावर वर्ग ठरवायचे, सेवाज्येष्ठतेवर नाही. हे काम पहिल्या आठवड्यात फुकट होतं, गणपतीनंतर त्याला अडीच महिन्यांची किंमत पडते.

हंगामी वसतिगृहाचं बोलणं दसऱ्याच्या बरंच आधी, उचल घेण्यापूर्वी, आणि आजी-आजोबांना समोर बसवून करायला हवं. निर्णय त्यांच्या तब्येतीवर ठरतो.

अंगणवाडीताईंना या कामात घेतलेलं नव्हतं. त्या वस्तीवरच्याच आहेत, दोन्ही भाषा बोलतात, आणि पहिलीत येणारं प्रत्येक मूल आधी त्यांच्याकडे असतं. मराठी कानावर पडण्याची सुरुवात तिथून झाली तर गुरुजींचं निम्मं काम हलकं होईल.

शेरेबुक बंद ठेवण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण ते एका केंद्रप्रमुखाच्या शब्दावर टिकू नये. साहाय्याची भेट आणि तपासणीची भेट यांच्या वह्याच वेगळ्या असाव्यात, आणि शक्य झालं तर माणसंही.

सगळ्यात अवघड प्रश्न पुढचा आहे. गुरुजी ५८ व्या वर्षी निवृत्त होतील. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून ऑनलाइन होतात. त्यांच्या जागी येणाऱ्याला कन्नड येईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून जवळच्या कन्नड माध्यमाच्या शाळेतल्या एका शिक्षिकेशी बोललो आहे. त्यांच्याकडे उलटी अडचण आहे: मुलांना मराठी विषय जड जातो. दोन्ही शाळांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या वर्गात बसायचं ठरलं आहे. जूनच्या पहिल्या बैठकीत पहिलीच्या सुरुवातीच्या सहा आठवड्यांचं नियोजन होईल, आणि त्यात अंगणवाडीताईही असतील.